मधुवंतीचं मंजुरीपत्र

४ मार्च २०२५, मंगळवार

लॅपटॉप घरात सगळ्यांचा आहे, म्हणून हे वहीत लिहितो आहे. आर्याची गेल्या वर्षीची गणिताची वही. मागची चाळीसेक पानं कोरी आहेत आणि ती आता याकडे बघणारही नाही.

आज दुपारी ऑफिसात जेवण उरकून घरचं ईमेल उघडलं. घरचं म्हणजे मधुवंतीच्या आणि माझ्या नावाचं मिळून जे खातं आहे ते. विजेची बिलं, आर्याची शाळा, फ्लॅटचे कागद, सगळं त्यावर येतं आणि ते मी बघतो. लग्न झाल्यापासून कागदपत्रं माझ्याकडे आहेत. सगळ्यात वर ते पत्र होतं. मधुवंती आणि आर्या, दोघींचा सिंगापूरच्या नागरिकत्वाचा अर्ज तत्त्वतः मंजूर झाला आहे. पुढच्या गोष्टी दोन महिन्यांच्या आत करायच्या, नाहीतर मंजुरी रद्द.

अर्ज करून सतरा महिने झाले. मला वाटायला लागलं होतं की नाहीच येणार.

पहिलं पान तीनदा वाचलं. मग ते पत्र 'वीजबिलं २०२२' या फोल्डरमध्ये हलवलं. असं का केलं ते आत्ता लिहिता येणार नाही.

रात्री जेवताना मधुवंतीने विचारलं, "आज काही आलं का?" मी नाही म्हटलं. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आर्याला वरण वाढलं. उद्या सांगतो.

५ मार्च, बुधवार

नाही सांगितलं. आजही तिने विचारलं आणि आजही मी नाही म्हटलं.

सकाळी घराजवळच्या बुकित बातोकपासून ऑफिसच्या तांजोंग पगारपर्यंत एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभा राहून कारणं जुळवत होतो. भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, एक घेतलं की दुसरं सुटतं. पुण्यात माझी आई आहे. आर्या बारा वर्षांची, तिला त्यातलं काय कळतं. कारणं खोटी नाहीत. पण सतरा महिन्यांपूर्वी, आर्याच्या अर्जावर बाप म्हणून सही करताना, यातलं एकही मी बोललो नव्हतो. मधुवंती तेव्हा म्हणाली होती, तूही कर ना, तिघांचा एकत्र जाऊ दे. मी म्हटलं, आईचं काही झालं तर एकाने तरी तिकडचं असलेलं बरं. तिने फार ताणलं नाही.

तिला हे कशासाठी हवं आहे ते मला ठाऊक आहे. तिची कंपनी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची यंत्रं विकते. यंत्र बिघडलं की त्या हॉस्पिटलात जाऊन ते दुरुस्त करून, तपासून द्यायचं, हे हिचं काम. जानेवारीत ओसाकाचं एक यंत्र बंद पडलं. हिला व्हिसा मिळायला सहा दिवस लागणार होते, म्हणून श्रिया गेली. श्रिया हिच्या हाताखाली शिकलेली, पण इथेच जन्मलेली, सिंगापूरच्या लाल पासपोर्टवाली. तिने तिथून फोन लावला आणि मधुवंतीने दीड तास स्वयंपाकघरात उभं राहून तिला एकेक स्क्रू सांगितला. फोन ठेवल्यावर हिने साबण लावून हात धुतले, जणू यंत्र हिनेच उघडलं होतं.

७ मार्च, शुक्रवार

काल तिसऱ्यांदा विचारलं होतं. आज विचारलं नाही. मोकळं वाटलं.

९ मार्च, रविवार

आज डोक्यात २०२० आहे. त्या मार्चमध्ये आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस म्हणून पुण्याला गेलो आणि पाच महिने अडकलो. तेव्हा आमच्याकडे फक्त नोकरीचे तात्पुरते पास होते. परत यायला परवानगी लागायची. अकरा वेळा अर्ज केला. दर वेळी त्याच दोन ओळींचं उत्तर. व्हिडिओ कॉलवर आर्या, सात वर्षांची, मला दाखवायची की ती आता स्वतः अंडं उकडते, स्वतः वेणी घालते. मधुवंती घरून काम करायची, मास्क लावून बाजार करायची, आर्याचा अभ्यास घ्यायची. मी म्हणायचो, कसं करतेस गं एकटी. ती म्हणायची, होतं सगळं.

ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली. चौदा दिवस हॉटेलात काढून घरी आलो, तर जेवणाच्या टेबलाशी माझ्या खुर्चीवर आर्याचं रंगांचं सामान मांडलेलं. कुणी हलवलं नाही. मीही हलवा म्हटलं नाही. दोन दिवस सोफ्यावर बसून जेवलो.

मधुवंती तेव्हाच म्हणाली होती की आपल्याच घरी यायला पुन्हा कुणाची परवानगी मागायची नाही. मला ते पूर्ण पटलं होतं. मग आता मला काय झालं आहे?

१५ मार्च, शनिवार

शेजारच्या ब्लॉकमधल्या सारंगबरोबर हॉकर सेंटरला, खालच्या खाण्याच्या टपऱ्यांवर, कोपी प्यायलो, इथली दाट कॉफी. तो रॅफल्स प्लेसला बँकेत आहे, गेल्या वर्षी नागरिक झाला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की मंजुरीच्या पत्राला कुणी उत्तरच दिलं नाही तर काय होतं. तो म्हणाला, मुदत संपते, विषय संपतो, पुन्हा पहिल्यापासून. मग म्हणाला, पण असं कोण करेल? लोक इथे देव पाण्यात घालून बसतात.

त्याने मधली एक गोष्ट सांगितली. भारतीय पासपोर्ट जमा केल्यापासून इथली शपथ होईपर्यंतचे काही आठवडे माणसाकडे कुठलाच पासपोर्ट नसतो. हिंदीत म्हणतात ना, न घर का न घाट का, तसं, आणि हसला. हे कारण चांगलं आहे. त्या आठवड्यांत काही झालं तर? आईचं, आर्याचं, कुणाचंही?

एकोणपन्नास दिवस उरले. पत्राला उत्तर न देणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं परत येताना मनात आलं. लिफ्टशी पोचेपर्यंत ते खरंही वाटायला लागलं होतं.

२२ मार्च, शनिवार

मधुवंती सकाळी साडेआठला बाहेर पडली, दुपारी दोनला आली. नाक आणि कपाळ उन्हाने लाल झालेलं. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणाली, गावात हिंडले. मरीना बराजच्या धरणावर गेले, पाणी कसं साठवतात ते बघितलं, छान समजावून सांगितलं. कुणी, विचारलं. गाइडने. चाळीस माणसं होती, म्हणाली.

चौदा वर्षं या शहरात राहून अचानक शनिवारी चाळीस माणसांबरोबर पाणी बघायला कोण जातं? मी पुढे काही विचारलं नाही. तिच्या पिशवीतून पाण्याची बाटली आणि टोपी निघाली. टोपी नवी होती.

२६ मार्च, बुधवार

तैपेईच्या हॉस्पिटलचं यंत्र बंद. सकाळी सातला फोन आला. मी दाढी करत होतो, दार उघडं होतं. तिचं उत्तर ऐकू आलं. ती शांतपणे म्हणाली की तैवानचा व्हिसा नाही, श्रियाला पाठवा. फोन ठेवून खिडकीपाशी उभी राहिली. मी विचारलं, चहा टाकू का? म्हणाली, टाक.

पत्र मी त्या दिवशीच दिलं असतं तरी आजपर्यंत पासपोर्ट काही हातात आला नसता. हे मी दिवसभरात बऱ्याच वेळा मनात म्हटलं.

३० मार्च, रविवार

पाडवा. खिडकीच्या आतल्या बाजूला छोटी गुढी उभारली. मधुवंतीने श्रीखंड केलं. आर्याने आईला हळू आवाजात काहीतरी विचारलं आणि मधुवंतीने मान हलवली, नाही अशी. मी विचारलं, काय गं? आर्या म्हणाली, "नथिंग लाह, बाबा." त्या दोघींच्या मध्ये काहीतरी आहे. मला ते २०२०पासून दिसतं.

५ एप्रिल, शनिवार

आज पुन्हा गेली, या वेळी वस्तीतल्या कम्युनिटी क्लबात. परत आली ती हसत. तिथे एका मलय आजीने तिला पांदानच्या पानांचा हिरवा केक दिला, दोघी बराच वेळ बोलत बसल्या. कशाचा कार्यक्रम होता? "लोक भेटतात, बोलतात," एवढंच. सारंगला फोन करून विचारावं असं वाटलं, पण काय विचारणार? माझी बायको शनिवारी कुठे जाते म्हणून?

मला दोन शक्यता दिसतात. एक लिहायची हिंमत होत नाही. दुसरी म्हणजे ती वेगळं घर बघते आहे आणि हळूहळू एकटं हिंडायची सवय करते आहे.

१२ एप्रिल, शनिवार

तिचा पासपोर्ट जागेवर नाही. आर्याचाही नाही. कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये तिन्ही एकत्र असतात, आज फक्त माझा आहे. फाइल चार वेळा झटकली. कपाटासमोर जमिनीवर बसलो होतो तेव्हा आर्या पाणी प्यायला आली, म्हणाली, "बाबा, यू ओके ऑर नॉट?" मी म्हटलं, स्टेपलर शोधतोय.

मधुवंतीला विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं तर ती मला काही विचारेल.

२४ एप्रिल, गुरुवार

जे झालं ते झालं तसं लिहितो.

आर्या ट्यूशनला गेली होती. मधुवंतीने जेवणाच्या टेबलावर एक फॉर्म ठेवला आणि त्यावर पेन. आर्याचं भारतीय नागरिकत्व सोडण्याचा अर्ज. मूल लहान असलं की आईवडील दोघांच्या सह्या लागतात. आईची झालेली होती.

मी विचारलं, हे काय.

ती म्हणाली, "पत्र आलं त्या दुपारी माझ्या फोनवरही सूचना आली होती, प्रबोध. अर्ज माझा आहे. मला कळणारच ना."

मग तिने सांगितलं. शनिवारची सहल, पाणी, कम्युनिटी क्लब, हे सगळं नव्या नागरिकांनी करायचंच असतं. पत्राच्या दुसऱ्या पानावर यादी आहे. मी दुसरं पान उघडलंच नव्हतं. मुदतीत करायचं ते सगळं तिने केलं होतं, पासपोर्टही अर्जाच्या प्रतींसाठी तिच्याच पिशवीत होते. राहिली होती फक्त माझी सही. म्हणजे या घरात न सांगता काही चाललं होतं हे खरं, पण सुरुवात माझी होती.

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. तीन दिवस रोज विचारलं. चौथ्या दिवशी विचारायचं सोडून दिलं."

मी म्हणायला हवं होतं, चुकलो. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "आणि मी सही नाही केली तर?"

"तर आर्याचं थांबेल," ती म्हणाली. "माझं थांबणार नाही."

आवाज चढवला नाही. उठून तिने कुकर लावला. फॉर्म रात्रभर टेबलावर होता, आम्ही तिघं त्याच्या बाजूला ताटं मांडून जेवलो.

२५ एप्रिल, शुक्रवार

ऑफिसात एका बुडालेल्या मालाच्या विम्याचे कागद दिवसभर उघडे होते. एक ओळ पुढे गेलो नाही.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी आर्या माझ्यासमोर येऊन बसली. तिला आईने काही सांगितलं नसणार, पण टेबल तिलाही दिसतंच. तिने विचारलं, "बाबा, यू डोन्ट वॉन्ट मी टू बी सेम ॲज आई, इज इट?" मी म्हटलं, तसं नाही गं. "देन व्हॉट?" मला सांगता आलं नाही. ती उत्तराची वाट बघत शांत बसून राहिली, अगदी तिच्या आईसारखी. तेव्हा मला तिची भीती वाटली. माझ्या मुलीची.

सही केली. मधुवंतीने फॉर्म उचलून बघितला आणि फाइलमध्ये ठेवला. चूक कबूल करायला तोंड उघडलं, पण ती म्हणाली, आत्ता नको. मग तिने मला बाजारातून आणायच्या भाज्या सांगितल्या. भेंडी, कांदे, नारळ. मी नारळ विसरलो.

२ मे, शुक्रवार

दोघींचे पासपोर्ट जमा झाले. निळ्या फाइलमध्ये आता एकच आहे.

१० मे, शनिवार

गेल्या तीन दिवसांत तिकडच्या, भारत-पाकिस्तानच्या हल्ल्यांच्या बातम्या, बंद विमानतळ, आईचे फोन. आई म्हणते पुण्यात काही नाही, तू टीव्ही बघू नकोस. मला यायला हवं का विचारलं, तर म्हणाली, येऊन तू काय करणार आहेस?

एक गोष्ट इथे लिहितो, कुठे बोलणार नाही. इतक्या भीतीतही या आठवड्यात मला झोप चांगली लागते. दोघींकडे पासपोर्ट नाहीत. त्यांना कुठे जाता येत नाही. जाऊ शकेन तो मी एकटा. काल हे कळलं तेव्हा ब्रश करता करता आरशात बघवेना. वाक्य खोडायला पेन उचललं होतं. राहू दे.

२३ मे, शुक्रवार

जुने पासपोर्ट परत आले, रद्द केल्याचे शिक्के मारून, कोपरा कापून. मला वाटलं मधुवंती ते फाइलमध्ये टाकून मोकळी होईल. ती पलंगाच्या कडेवर बसून एकेक पान उलटत राहिली. तिच्या पासपोर्टला आधीचा, मुदत संपलेला पासपोर्ट जोडलेला होता, त्यात लग्नानंतरच्या पहिल्या व्हिसाचं पान आलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. मी दारात उभा. आत जावं की नाही कळेना.

शेवटी गेलो. म्हटलं, मला वाटलं तुला याचं काही वाटत नाही.

ती म्हणाली, "मला भीती वाटत नाही असं तुला कुणी सांगितलं? दोन महिने झोपले नाहीये मी. आपण दोघं मिळून घाबरलो असतो, तर जरा सोपं गेलं असतं."

मी तिच्या शेजारी बसलो. पाठीवर हात ठेवला. तिने तो काढला नाही आणि धरलाही नाही.

११ जून, बुधवार

शपथ झाली. मी रजा घेऊन गेलो. मधुवंतीने तिच्या आईची मोरपंखी साडी नेसली होती. तिचा आवाज पहिल्या वाक्याला चिरकला, मग नीट झाला. उजवा हात वर होता आणि ती समोर बघत होती. नंतर फोटो काढायला आर्याने मला ओढलं, "कम इन लाह, बाबा, स्टँड प्रॉपर्ली." तिघांचा फोटो आहे. त्यात मी हसतो आहे. फोटोत कुणाला काही कळणार नाही.

सारंगने संध्याकाळी फोन करून अभिनंदन केलं आणि विचारलं, तू कधी? मी म्हटलं, बघू. फोन ठेवल्यावर मधुवंतीने काही विचारलं नाही. विचारेल असं वाटलं होतं.

१७ जुलै, गुरुवार

सकाळी सव्वासहाला फोन. तैपेईचं तेच यंत्र, उद्या नऊ शस्त्रक्रिया ठरलेल्या. ती म्हणाली, "येते." एवढाच शब्द. वीस मिनिटांत बॅग भरली. अर्ज नाही, बँकेचे कागद नाहीत, कुणाचं पत्र नाही. लाल पासपोर्ट बॅगेच्या बाहेरच्या खणात टाकला आणि चप्पल घातली. मी टॅक्सीपर्यंत गेलो. परत कधी, विचारलं. म्हणाली, यंत्र कधी ऐकेल त्यावर आहे.

टॅक्सी वळेपर्यंत उभा होतो. मग वर येऊन आर्याचा डबा केला.

१९ जुलै, शनिवार

काल दुपारी मेसेज आला, यंत्र चालू झालं, शस्त्रक्रिया सुरू झाल्या. त्यानंतर आज दुपारपर्यंत काही नाही. मी सात वेळा फोन हातात घेतला. केला नाही. आर्या म्हणाली, "शी इज वर्किंग, बाबा. रिलॅक्स." तिने स्वतःच डोसे घातले. मलाही दिले.

२० जुलै, रविवार

सकाळी मेसेज आला की दुपारी दीडच्या विमानाने पोचते आहे. मी चांगी विमानतळावर गेलो. तिला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर नको म्हणाली असती. विमान उतरल्याचं बोर्डावर दिसलं आणि पंधरा मिनिटांत ती बाहेर. पूर्वी आम्हाला रांगेत पाऊण तास लागायचा. मला बघून थबकली, विचारलं, काय झालं? आर्या ठीक आहे ना?

ठीक आहे, म्हटलं. बॅग घेतली. बसायला म्हणून तिथल्याच एका कॉफीच्या दुकानात गेलो. ती दमली होती, पण चेहरा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता तसा होता. तिने नऊ माणसांचं सांगितलं. शेवटची एक म्हातारी होती, तिने पट्टी काढल्यावर हिचा हात धरून ठेवला होता.

मग म्हणाली, "काल माझं काम दुपारीच संपलं. रात्रीचं विमान मिळत होतं. मी घेतलं नाही. आज सकाळी विमानतळावर बोर्डासमोर उभी होते. सोल, टोकियो, फ्रँकफर्ट. आयुष्यात पहिल्यांदा, कुठेही जा, कुणी अडवणार नव्हतं. बराच वेळ उभी होते, प्रबोध."

चार महिने मी ज्याला घाबरत होतो ते हेच. गप्प बसायचं, कप उचलायचा, आर्याचा विषय काढायचा, हे सगळं मला येतं. आज ते केलं नाही.

मी म्हटलं, "मला वाटत होतं तू येणार नाहीस. ते पत्र आलं तेव्हापासून वाटतंय. त्याआधीपासूनही. तुम्हा दोघींचं माझ्याशिवाय चालतं ते मी पाहिलंय." आणि मग विचारलं, "का आलीस?"

ती कपाकडे बघत होती. शेजारच्या टेबलावर कुणीतरी खुर्ची ओढली. मी वाट बघितली.

"ते अजून मला नीट सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण विचारलंस, हे बरं केलंस."

त्यानंतर आम्ही उठलो. बॅग तिने स्वतःकडे घेतली, म्हणाली जड नाहीये. एमआरटीत जागा मिळाली, ती खिडकीशी डोकं टेकून झोपली. मी स्टेशनं मोजत बसलो. बुकित बातोक आलं तेव्हा तिला हलवून उठवलं, तर डोळे उघडून क्षणभर तिला कळेना आपण कुठे आहोत. मी सांगितलं.